तुमी तलाठ्याला म्हणतात

आमच्या घरात फादर समोर असले की अनेकवचनी असत आणि पाठ फिरली की एकवचनी. दारात उभे असले की बाबा म्हणत, "या फादर, आपण आत यावं, आपण पंख्याखाली बसावं." आणि जिन्यावरून चपलांचा आवाज खाली गेला की, "गेला एकदाचा! एवढा वेळ बसला, मॅच संपली पण." आई कपबशा उचलता उचलता म्हणे, "अहो, हळू. अजून जिन्यातच असतील." त्यावर बाबा लगेच आवाज खाली आणत, पण वचन बदलत नसत. फादरचं सोडा, बिशपसुद्धा आमच्या हॉलमध्ये 'तो' होते.

हे पूनम सागरमधलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही माझगावची खोली सोडून मीरा रोडच्या या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबा मूळचे काशीगावचे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नोकरीसाठी मुंबईत गेले आणि केस पिकल्यावर अर्ध्या रस्त्यापर्यंत परत आले. त्यांना गावाजवळ राहायचं होतं पण गावात नाही. गावात त्यांची मोठी बहीण होती, आणि ती सगळ्यांसमोर त्यांना "काय रं, पोट किती सुटलाय तुझा" असं विचारायची. हेडक्लार्क माणसाला ते परवडत नाही.

या आत्याबद्दल सांगायचं म्हणजे पहिलं हे, की ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. बसच्या कंडक्टरला तू, दाताच्या डॉक्टरला तू, घोडबंदरला लग्नाला आलेल्या आमदाराला तू. उद्धटपणा नव्हता तो. गावची बोलीच तशी. आमच्या काशीगावात तेव्हा सून सासऱ्याला तू म्हणायची आणि सासऱ्याला त्यात काही कमी पडल्यासारखं वाटायचं नाही. एकट्या माणसाला 'तुमी' म्हणायची वेळ दोनदाच यायची. एक, तो तलाठी किंवा पोलीस असेल तर. दोन, त्याच्याशी बोलणं तुटलं असेल तर. भावाभावांत जमिनीवरून फाटलं, की दुसऱ्या दिवशी थोरला धाकट्याला म्हणायचा, "तुमी तुमचा बघा." मग सगळं गाव समजायचं की झालं, तुटलं आता.

तर फादरलाही ती तूच म्हणायची. आधीचे म्हातारे फादर वसईकडचे. ते प्रवचन देत होते, आणि आत्या बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली, "मोठ्यानं बोल रे, मागं काय आईकू येत न्हाय." फादर मोठ्यानं बोलले. मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर तिनं त्यांना बाहेर गाठून शिराळी दिली आणि वर ऐकवलं, "गला बसलाय तुझा. रातचा दही खातोस ना? मना ठावं हाय."

पण तिच्या पडवीत बसून बाबा एकदा सहज म्हणाले, "तो फादर काय म्हणाला माहितीये का—" तर तिनं सुपातले तांदूळ तसेच ठेवले. "तो? तो कोन? तुझ्यासंगती गोट्या खेलाला होता काय? फादर बोल." समोर तू आणि मागे मान, असा तिचा हिशोब, आणि आमचा नेमका उलटा. दोघंही आपापल्या जागी धार्मिक समजले जायचे.

दुसरं सांगायचं ते हे. आत्याला मूल नव्हतं. नवरा लवकर गेला. ही गोष्ट घरात कोणी बोलायचं नाही, पण मी मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या चर्चमध्ये जो कोणी फादर बदलून येई तो तिचा मुलगा होई. त्याला विचारायची पद्धत नव्हती. वेलीवरची पहिली काकडी त्याची. सणाला मैद्याचे गोल फुगे तळले की पहिला घाणा त्याचा. त्याला ताप आला की ही त्याच्या स्वयंपाकघरात घुसून पेज करणार आणि तो पिईपर्यंत डोक्यावर उभी राहणार. "संपव. टाकलास तर बघ." बिशपनं पाठवलेला माणूस निमूट संपवायचा.

म्हातारे फादर निवृत्त झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवे आले. तरुण, सडपातळ, मंगळूरकडचे. घरची भाषा कोकणी, मराठी शिकले होते पुण्याला, कुठल्यातरी निवृत्त मास्तरांकडून. त्यामुळे ते 'बसा' म्हणत नसत, 'आसनस्थ व्हा' म्हणत. माणूस वाईट नव्हता हो. मेहनती होता. स्कूटर घेऊन नव्या बिल्डिंगा न् जुनी गावं दोन्ही पालथी घालायचा. पण पुण्याचं मराठी न् काशीगावचं मराठी समोरासमोर आलं आणि झाली पंचाईत.

ते पहिल्यांदा काशीगावात आले त्या दिवशी मी आत्याकडेच होते. ती पडवीत सुके बोंबील निवडत होती. अंगणासमोर गावचा क्रूस, तिथं फादरनी स्कूटर लावली. आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय रं पोऱ्या, कवरा सुकलास तू! तुझी आय जेवाला घालीत न्हवती काय?"

फादर थांबले. घसा साफ केला. शांतपणे म्हणाले, "आपण मला 'तुम्ही' असे संबोधावे."

आता आमच्या बोलीत 'आपन' म्हणजे मी आणि तू मिळून. आत्या म्हणाली, "आपन? आपन दोघांनी? कोनाला?" फादर तिच्याकडे बघायला लागले, ती माझ्याकडे. "काय बोलतं गो ह्या पोर?"

मी म्हटलं, "आत्या, तू त्यांना तू म्हणू नको, तुम्ही म्हण, असं सांगतायत ते."

"तुमी?" आत्यानं मान उंच करून स्कूटरच्या मागं, रस्त्यावर पाहिलं. "का? अजून कोन आलाय त्याच्यासंगती?"

मला हसू फुटलं, ते मी खोकला आल्यासारखं केलं. आत्या म्हणाली, "बरा, ते मागनं बघू. आधी जेव." फादर म्हणाले, "क्षमा असावी, माझे भोजन झाले आहे," आणि गेले. झालेलं नव्हतं. भुकेलेला चेहरा ओळखायला आत्याला शाळा लागत नव्हती. तिनं बोंबलाच्या कालवणाचं पातेलं झाकलं न् म्हणाली, "फादर लाजतात. नवे हायत ना."

पुढच्या रविवारच्या मिसेला प्रवचनाचा विषय होता आदर. फादरनी नाव घेतलं नाही. ते म्हणाले, या पॅरिशमधील काही व्यक्ती धर्मगुरूस एकवचनात हाक मारतात. धर्मगुरूचा मान हा त्याचा स्वतःचा नसून पवित्र सभेचा असतो. इथून पुढे असे होऊ नये. सगळ्या बायका वळून आत्याकडे बघायला लागल्या. आत्याही वळून मागे बघत होती, हे कोणाबद्दल चाललंय म्हणून. बाबांचे कान लाल झाले होते. आई आपल्या नखांकडे बघत होती.

मिसा संपल्यावर फादरनी बाबांना बोलावून घेतलं. आपल्या भगिनीस समज द्यावी, वगैरे. बाबा म्हणाले, "होय फादर. नक्की फादर. आपण बिलकूल काळजी करू नये." बाबा फादरला सगळ्यालाच होय म्हणायचे. चर्चच्या आवारातलं गवत काढायला येणार का? होय फादर. संध्याकाळी घरी रोझरी होते ना? होय फादर. यातलं काहीही कधी घडलं नाही, आणि तरीही फादर त्यांना आज्ञाधारक समजायचे, कारण ते आपण म्हणायचे.

आमची, म्हणजे पोरांची, तिसरीच तऱ्हा. आमचं युवक मंडळ होतं, आणि आम्ही फादरशी इंग्रजीत बोलायचो. इंग्रजीत तू नाही न् तुम्ही नाही. एकच 'यू', राजालाही तोच न् कुत्र्यालाही. त्या 'यू'च्या जोरावर आम्ही फादरना वाट्टेल ते बोलायचो. गिटार का नको, मुलींनी वेदीवर का नाही यायचं, उपासाला अंडं का चालत नाही. "फादर, यू आर राँग," असं तोंडावर. फादर खूश! म्हणायचे, पूनम सागरची तरुण पिढी किती सुसंस्कृत. मी एकदा विचारलं, की प्रार्थनेत देवाला आपण तू म्हणतो, मग तुम्हाला का नाही? त्यांनी थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "देवाला कोणी मान दिला नाही तरी त्याचे काही अडत नाही. माझे अडते." मला ते उत्तर आवडलं. पण आत्याच्या बाबतीत माझा राग काही गेला नाही.

बाबा माझ्यासकट काशीगावला गेले. वाटभर तालीम चालली होती, आत्या असं म्हणेल, मग मी असं म्हणेन. आत्या भडकणार, फादरचा उद्धार करणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांनी चाचरत सगळं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं न् एवढंच विचारलं, "वेदीवरनं बोलले फादर? माझ्यासाठी होता ते?"

"हो."

"मग बोलीन तुमी."

बाबा बघतच राहिले. "बोलशील?"

"फादर वेदीवरनं बोलले ना? मग इचारतोस काय? तू काय करतोस, फादर बोलले की?"

बाबांनी पाणी मागितलं.

तेव्हा मला कळलं, की आख्ख्या पॅरिशमध्ये फादरचं खरंच ऐकणारी एकटी तीच होती. आम्ही वाद घालायचो, बाबा होय म्हणून घरी जायचे, आणि ही बाई चर्चमधून जे सांगितलं ते करायची. म्हाताऱ्या फादरनी एकदा म्हटलं होतं, शेजारणीशी भांडण मिटव. हिनं त्याच संध्याकाळी जाऊन मिटवलं; शेजारीण अजून भांडत होती तरी.

तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी पडवीत फादर होऊन बसायचे, ती समोर उभी राहायची. 'तुमी' हा शब्द तिला पहिल्या दिवशीच आला. अडलं ते क्रियापदात.

"फादर, तुमी कवा आलास?"

"आलात, आत्या."

"आलात. तुमी जेवलास काय?"

"जेवलात."

"जेवलात. बस फादर."

"बसा."

"अगो बाय, परतेक येला बदलायचा?" ती कपाळाला हात लावून खाली बसली. "एका मानसासाठी सगली भाषा वाकडी करायची. तुझी आय करते ना गो असा, तुझ्या बापाशी?"

"करते. अहो म्हणते, तुम्ही म्हणते."

"म्हनूनशान त्यांच्यात भांडन होत न्हाय. पाव्हन्यासंगती कोन भांडतो?"

ही गोष्ट मी घरी येऊन आईला सांगितली. आई हसली नाही. म्हणाली, "खरंय," आणि भाजी परतायला लागली.

आत्या मात्र नेटानं शिकत राहिली, आणि शिकता शिकता तिला जे दिसलं ते मला फार उशिरा दिसलं. शेवटच्या दिवशी तिला सगळं बरोबर येत होतं. "फादर, तुमी आलात? बसा. तुमी जेवा." मी शाबासकी दिली. ती म्हणाली, "'जेव' बोलला की फादर बसतात. 'जेवा' बोलला की इचारल्यासारका होते. मग फादर न्हाय बोलले तर? मी काय करू?" मी म्हटलं, आग्रह करायचा. "तुमी बोलून आग्रह कसा करतात? दटावायचा कसा?" याचं उत्तर पुण्याच्या मास्तरांकडेही नसतं. ती पदरानं हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

मे महिन्यात आमच्या गावी क्रूसाचा सण असतो. क्रूसाला हार, पताका, संध्याकाळी प्रार्थना, मग सगळ्यांना उकडलेले चणे. फादर आले तेव्हा आत्या पुढं झाली, हात जोडले आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या फादर. तुमी इथं बसा."

चणे भरणाऱ्याचा हात टोपलीत तसाच राहिला. फादरचा चेहरा फुलला. त्यांनी आत्याला भरभरून आशीर्वाद दिला आणि जाताना बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "आपण फार मोठे कार्य केलेत." बाबा आठवडाभर हवेत. फादर गेल्यावर शेजारचा म्हातारा आत्याजवळ सरकला. "काय झाला गो? कशावरून तुटला?" आत्या म्हणाली, "काय तुटला न्हाय. फादरनंच सांगितलाय तसा बोलाला." म्हाताऱ्यानं मान हलवली, म्हणजे तुला सांगायचं नाही तर नको सांगू.

त्या दिवसापासून सगळं काशीगाव फादरना तुमी म्हणायला लागलं. फादरना वाटलं, एका प्रवचनात गाव सुधारलं. गावाला वाटलं, फादरनी आत्याचं असं काहीतरी केलं, की तिला बोलणं तोडावं लागलं, आणि तिचं तुटलं तर आपलंही तुटलं. काकड्या बंद झाल्या. अंडी बंद झाली. कोणी त्यांना "स्कूटर हलू चालव रे" असं म्हणेना. ते आले की लोक उठून उभे राहायचे, खुर्ची पुसायचे, तुमी बसा म्हणायचे, आणि मग कोणी काही बोलायचंच नाही. तलाठी आल्यावर बसतात तसे.

आत्या सगळ्यांना सांगून थकली, की अरे भांडण नाही. कोणाला पटेना. आणि खरं सांगायचं तर तिच्या स्वतःच्या वागण्यानंही ते पटण्यासारखं नव्हतं. ती फादरकडे जाईनाशी झाली. वेलीवरची पहिली काकडी तिनं तोडली, फडक्यात गुंडाळली, आणि कोनाड्यात ठेवली. पुढच्या वेळी गेले तर ती तिथंच पिवळी पडलेली. मी म्हटलं, "नेऊन दे की." म्हणाली, "काय बोलून देऊ? 'फादर, तुमी काकडी घ्या'? ते काय दुकान हाय?"

पावसाळ्यात फादरना कावीळ झाली. युवक मंडळानं 'गेट वेल सून'चं कार्ड केलं, सगळ्यांनी सह्या केल्या. बाबा भेटून आले, म्हणाले, "फादर, आपण विश्रांती घ्यावी," आणि घरी येऊन, "पिवळा झालाय बिचारा. बाहेरचं खातो, दुसरं काय." मी आत्याला जाऊन सांगितलं. ती ताडकन उठली, लुगडं खोचलं, तांदूळ घेतले, पेजेला आधण ठेवलं. पेज झाली. डबा भरला. मग डबा घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि तिथंच थांबली.

"चल ना," मी म्हटलं.

"तुमी बोलायच्या मानसाच्या सैपाकघरात कशी शिरू?" असं म्हणून तिनं डबा माझ्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते. आत्या रडताना मी त्याआधी पाहिली नव्हती. नवऱ्याच्या मयतीतही रडली नव्हती म्हणतात. मला इतका संताप आला, की चर्चपर्यंतची वाट मी कशी चालले ते आठवत नाही.

फादर खाटेवर उशीला टेकून बसले होते. डोळे हळदीसारखे. पेज चाखली आणि म्हणाले, कोणी पाठवली? मी सांगितलं. ते समाधानानं म्हणाले, "त्या हल्ली माझा फार आदर करतात."

झालं. नाकाला मिरच्या झोंबाव्या तशी मी उसळले. इंग्रजीबिंग्रजी विसरले. "आदर? फादर, गावात 'तुमी' तलाठ्याला म्हणतात! नाहीतर ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याला. तुम्ही वेदीवरून सांगितलंत म्हणून तिनं तुम्हाला परकं केलं. तिला येत नव्हतं, मी शिकवलं तिला. पेज घेऊन ती स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत आली न् पुढे येता आलं नाही तिला. पोटचं मूल आजारी पडल्यासारखी तळमळतेय ती तिकडे. एवढंही कळत नाही तुला?"

'तुला' तोंडातून गेलं ते गेलंच. बाबा असते तर तिथंच आडवे झाले असते.

फादरनी चमचा डब्यात ठेवला. मग एकदम वेगळ्याच, घरच्यासारख्या आवाजात म्हणाले, "माझी आईसुद्धा मला तूच म्हणते." मी म्हटलं, "मग?" त्यांनी चमचा परत उचलला. डबा संपवला, निपटून.

अंगात ताकद आल्यावर ते काशीगावला गेले. मी होतेच. आत्यानं "या फादर, तुमी बसा" म्हटलं. फादर बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "आत्या, तुम्ही मला तू म्हणा."

मला वाटलं, संपलं, आता आत्या पातेलं उघडणार. पण ती आत्या होती. तिनं हात जोडले. "तसा कसा? तुमी वेदीवरनं सांगितलाय."

"तेव्हा माझी चूक झाली. आता मी सांगतो आहे ना."

"पडवीत सांगताव." आत्यानं जोडलेले हात सोडले नाहीत. "तवा वेदीवरनं सांगितलात, सगल्या लोकांच्या म्होरं. आता पडवीत येगला सांगताव. ह्या चर्चचा हुकूम हाय का पोराटोरांचा खेल? मी फादरचा आईकू का पाव्हन्याचा?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फादर तिथं उभेच. समोर त्यांच्याच मानाची राखण करणारी बाई, आणि ती राखण त्यांच्याच विरुद्ध. ते स्कूटरकडे गेले. आत्या ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली, मग खाली बसली. मी चिडून म्हटलं, "अगं, तोंडापर्यंत आलेलं घालवलंस!" ती म्हणाली, "मना काय नको होता? पन फादरचा शबुद फादरनंच खाली पाडला तर उचलनार कोन?"

मला वाटलं नव्हतं की ते करतील. भर चर्चमध्ये माघार घ्यायची म्हणजे काय सोपं आहे? बाबांनी ऑफिसात शिपायासमोरसुद्धा कधी घेतली नसती.

रविवारी मराठी मिसा. गावची माणसं जमिनीवर, बिल्डिंगवाले बाकांवर. प्रवचन दुसऱ्याच कशावर तरी झालं. मी म्हटलं, गेलं. मग शेवटी सूचना: अमक्या-अमकीचं लग्न ठरलंय, कोणाची हरकत असल्यास कळवावे, टाकीत पाणी नाही, नळ उघडे ठेवू नयेत. त्यानंतर फादर थांबले. कागद घडी करून खिशात घातला.

"काही महिन्यांपूर्वी याच जागेवरून मी तुम्हाला सांगितलं होतं की मला तू म्हणू नका. ते मी चुकीचं सांगितलं. मला तुमची भाषा येत नव्हती." पुण्याचं मराठी कुठच्या कुठे गेलं होतं. "काशीगावच्या आत्यांनी मला तू म्हणावं. असं मी वेदीवरून सांगतोय. नुसतं म्हणू दे असं नाही. म्हणावंच."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

आणि पहिल्या रांगेतून, जमिनीवरून, आत्याचा आवाज आला. "बरा. जेवाला ये मग."

आधी काशीगाव हसलं, मग बाकांवरचे हसले. फादर वेदीवर उभे राहून हसत होते आणि चष्मा काढून पुसत होते. मला रडू फुटलं. आईनं तिचा रुमाल मला दिला नाही, कारण तो तिलाच लागत होता.

जेवायला आम्हीही गेलो. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. फादरनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि ताटावर हात आडवा धरला.

"हात काढ," आत्या म्हणाली.

"पुरे, आत्या."

"तुना कोनी इचारला?"

फादरनी हात काढला. तिसरी भाकरी ताटात पडली. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसून त्यांचा घास न् घास बघत होती आणि आम्ही तिघं घरात आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. आम्हाला वाढलं ते शेजारणीनं.

परत येताना रिक्षा मिळाली नाही, चालत निघालो. हायवे मागे पडला, पूनम सागरच्या बिल्डिंगा दिसायला लागल्या, तेव्हा बाबा म्हणाले, "वेदीवरून असं बोलायला नको होतं त्यांनी."

आई थांबली. "कोणी?"

"फादरांनी."

फादर आसपास कुठे नव्हते. ते काशीगावात, आत्याच्या पडवीत होते. आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे. बाबांना वाटलं, आम्हाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं, "फादरांनी."